बिल्ल्यामागचा टाका

आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाला, लुगड्यांच्या घडीखाली, बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात कापडाचे दोन छोटे बिल्ले आहेत, एक प्रथम सोपानचा आणि एक द्वितीय सोपानचा. दोन्हींच्या कडेनं सुईची भोकं आहेत, आणि काही भोकांत काळ्या दोऱ्याचे तुकडे अजून अडकलेले आहेत. स्काउटच्या डाव्या बाहीवर एका वेळी एकच सोपान लागतो. पुढचा मिळाला की आधीचा उसवायचा आणि त्याच जागी नवा टाचायचा. म्हणून वऱ्हाडातल्या घरांत जपून ठेवलेले जे बिल्ले सापडतात, ते बहुतेक उसवलेले असतात. बाहीवरचा शेवटचा बिल्ला शर्टाबरोबर धाकट्या भावाच्या अंगावर जातो आणि कधीतरी फडक्यात संपतो.

माझे बिल्ले आईनं शिवले. तिला अक्षरओळख नव्हती. बिल्ला उलटा की सुलटा, हे मला सांगावं लागे. घरात दोरा होता तो गोधडीचा, जाड आणि काळा, आणि सुईही गोधडीचीच. पहिला बिल्ला हातात घेऊन ती म्हणाली होती, “बाप्पा, एवढासाक कपडा! अन् याच्यासाठी तू चार म्हैने दोऱ्याच्या गाठी मारत बसला?” दुसऱ्या दिवशी विहिरीवर मात्र माझा शर्ट तिनं मुद्दाम बाही वर करून वाळत घातला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला तो कशाचा बिल्ला आहे हे तिनंच सांगितलं. तिनं सांगितलेलं सगळं चूक होतं. ‘सरकारनं देल्ला’ असं ती म्हणत होती. पण तिच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

हे पुस्तक त्या आवाजापाशी सुरू झालं. गेली काही वर्षं अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत ज्या घरी जाणं झालं, तिथं मी एकच विचारत आलो: लहानपणी स्काउट किंवा गाइडमध्ये होतात का, आणि तेव्हाचं काही ठेवलं आहे का? पहिलं उत्तर बहुधा ‘नाही’ असं येई. मग चहा होई, आणि घरातलं कोणीतरी उठून कपाट उघडे. मग जे बाहेर निघे त्याची हकिगत पुढच्या पानांत आहे. सांगणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, कारण बहुतेकांनी ती छापू नका असं सांगितलं. पण शब्द त्यांचेच आहेत.

ज्यांनी हा गणवेश कधी घातला नाही, त्यांच्यासाठी थोडं आधी सांगायला हवं. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत स्काउटला ‘बालवीर’ म्हणत आणि गाइडला ‘वीरबाला’. पथकात दाखल झाल्यावर प्रवेशाचा अभ्यास, मग दीक्षाविधी. तीन बोटं वर करून वचन घ्यायचं आणि खिशावर सदस्यत्वाचा बिल्ला लागायचा. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. उजव्या बाहीवर प्रावीण्याचे बिल्ले: स्वयंपाक, प्रथमोपचार, सायकल, वाट शोधणं, निसर्ग-निरीक्षण. लहान मुलांसाठी कब आणि बुलबुल. प्रत्येक बिल्ल्यामागे कुणीतरी घेतलेली परीक्षा असते, आणि ती बहुतेक वेळा कागदावर नसते. गाठ मारून दाखव, चूल पेटवून दाखव, मोडलेला हात गळ्यातल्या स्कार्फच्या झोळीत बांधून दाखव. ज्या मुलाचं हस्ताक्षर वाईट, ज्याला गणितात शून्य, तोही इथं पहिला येऊ शकतो. आमच्या वर्गात तसंच झालं होतं. वर्षभर मागच्या बाकावर बसणारा पोरगा क्लोव्ह हिच डोळे मिटून मारायचा. घरी तो रोज गुरं बांधायचा, त्याला ती गाठ शिकवावी लागलीच नाही, फक्त तिचं इंग्रजी नाव सांगावं लागलं.

ही चळवळ आपल्याकडे आली ती मुळात आपल्यासाठी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. दोन वर्षांत, १९०९ मध्ये, भारतात बंगळूरला पथक निघालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. हिंदी मुलांना त्यात जागा नव्हती. मग १९१७ च्या सुमारास मद्रासेत अ‍ॅनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. पुढे फाटे फुटले, एकत्र यायचे प्रयत्न झाले, पुन्हा फुटले. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स’ अशी एक संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाइड्सही तिच्यात आल्या. तेव्हापासून आपल्या चिन्हाच्या मधोमध अशोकचक्र आहे. जो बिल्ला लावायला एकेकाळी मनाई होती, तोच आज मोर्शी-दर्यापूरच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलगी लावते. शिकवताना मुलांना हा इतिहास कोणी सांगत नाही. सांगायला हवा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, त्यामुळे या गोष्टीचे काही धागे आपल्या जवळचे आहेत. देशातलं पहिलं गाइड पथक १९११ साली जबलपूरला सुरू झालं. पचमढी ही मध्यप्रांत-वऱ्हाडची उन्हाळी राजधानी. संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आज तिथंच आहे. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांनी मध्यप्रांतातल्या स्काउट संघटनेचं काम अनेक वर्षं अंगावर घेतलं होतं. आणि कबच्या पथकात आपण मोठ्या माणसाला ‘अकेला’ म्हणतो, तो किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला लांडग्यांचा म्होरक्या. त्या गोष्टीचं रान सिवनीचं आहे, म्हणजे सातपुड्याचं. लंडनपासून टोकियोपर्यंतची मुलं ज्या डोंगराच्या गोष्टीतलं नाव हाकारतात, त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आपला मेळघाट आहे. चिखलदऱ्याच्या थंडीत पहिल्यांदा तंबूत झोपलेल्या किती कबना हे माहीत होतं? मला तरी नव्हतं.

आता स्वयंपाकाच्या बिल्ल्याबद्दल. हे प्रकरण पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे आणि मी ते कापलं नाही. शिबिरांत ‘बिनभांड्यांचा स्वयंपाक’ नावाची एक परीक्षा असते. तवा, पातेलं, कढई काही न वापरता जेवण रांधायचं. इतर ठिकाणची मुलं काठीला कणीक गुंडाळून भाजतात, बटाटे निखाऱ्यात पुरतात. वऱ्हाडातल्या मुलाला यात नवीन काय? देवाच्या भंडाऱ्यात, शेतातल्या पार्टीत आमच्याकडे रोडगे होतात. जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा विस्तव, वर राख. अकोट तालुक्यातल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की त्यांच्या संघानं रोडगे, विस्तवात भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी एवढ्यावर ती परीक्षा दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रोडगा फोडला, आत वाफ निघाली, आणि ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, हे कोणी शिकवलं? मुलांनी सांगितलं, “आबानं.” त्या गृहस्थांकडे आज राज्य पुरस्काराचं राज्यपालांच्या सहीचं प्रमाणपत्र आहे. ते भिंतीवर आहे. स्वयंपाकाचा बिल्ला मात्र त्यांनी पाकिटात ठेवला आहे, आणि आबांचा फोटोही त्याच कप्प्यात आहे.

तो बिल्ला पाहिल्यावर मला एक गोष्ट कळली, जी माझ्या स्वतःच्या डब्यातून कळली नव्हती. घरात जे आधीपासून होतं, जे आपण साधं समजत होतो, त्याला बाहेरच्या कुणीतरी ‘हे कौशल्य आहे’ असं म्हटलं, त्याची ती खूण होती. गुरं बांधणाऱ्या पोराची गाठ, आजोबाचा रोडगा. धारणीकडच्या एका कोरकू शिक्षकानं हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. वाट शोधण्याच्या परीक्षेत खाणाखुणा ओळखायच्या होत्या. दगडावर दगड, मोडलेली फांदी, गवताची गाठ. तो लहानपणापासून बापाबरोबर रानात फिरलेला. त्याला सगळ्या खुणा तर दिसल्याच, शिवाय रात्री तिथून रानडुकरं गेली होती हेही त्यानं सांगितलं. शाळेत आठ वर्षं त्याला ‘मराठी नीट येत नाही’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. तो बिल्ला त्यानं आपल्या मुलीला दिला नाही. “तिनं तिचा आणावा,” म्हणाला.

‘खरी कमाई’च्या आठवणीही खूप आल्या. या उपक्रमात मुलांनी काम करून पैसे मिळवायचे आणि ते पथकाला द्यायचे. आता पुष्कळ शाळांत त्याचा खाऊमेळावा झाला आहे, मुलं घरून भेळ-वडे आणतात आणि गुरुजींना विकतात. जुन्या लोकांची खरी कमाई वेगळी होती. दिवाळीनंतर कापूस फुटलेला असे. मुलं रविवारी वेचणीला जात आणि किलोच्या भावानं मजुरी आणत. वरूडकडची मुलं संत्र्यांच्या पेट्या भरायला जात. एका बाईंनी सांगितलं की कापूस वेचायला त्या रोजच जात, आईबरोबर, आणि त्याची त्यांना शाळेत लाज वाटे. खरी कमाईच्या आठवड्यात वर्गातल्या वकिलाच्या मुलीलाही वेचणीला यावं लागलं. दुपारपर्यंत तिची बोटं बोंडांनी ओरबाडली. तिला कापूस कसा वेचायचा हे या बाईंनी शिकवलं. “त्या दिवसानंतर मी लाजली नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे त्या आठवड्याचा बिल्ला वगैरे काही नाही, फक्त द्वितीय सोपान आहे. पण तो दाखवून त्या गोष्ट मात्र हीच सांगतात.

काही बिल्ले जड आहेत. दर्यापूर भागातल्या एका शेतकऱ्याच्या वडिलांचा हात मळणीयंत्रात गेला होता. हा तेव्हा नववीत. त्यानं शाळेच्या शर्टावरचा स्कार्फ काढला, घडी केली, जखमेवर दाबून धरली आणि हात वर ठेवायला लावला. बैलगाडी, मग जीप, मग अमरावती. वडील वाचले, तीन बोटं गेली. प्रथमोपचाराचा बिल्ला त्याला त्या आधीच मिळालेला होता. म्हणजे पराक्रमाबद्दल काही मिळालं नाही, कोणी कळवलंच नाही. तो बिल्ला तो कोणाला दाखवत नाही. मला दाखवला, आणि लगेच परत ठेवला.

इथं माझ्या आजोबांचा आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही. ते म्हणत, “लोकायची सेवा कराची त कर. बिल्ला कायले लावतं?” त्यांनी गाडगेबाबांना पाहिलं होतं. शेंडगावचा तो माणूस हातात खराटा घेऊन गावात शिरे, आधी गाव झाडे आणि मग रात्री कीर्तन करी. पाया पडायला आलेल्याला तो काठी उगारी. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांचा देह पडला तेव्हा आजोबा अमरावतीला गेले होते. ज्यानं असा माणूस पाहिला, त्याला बाहीवरचा कापडी तुकडा हलका वाटणारच.

मी एवढंच म्हणेन. गाडगेबाबांना बिल्ला लागला नाही, पण ते गाडगेबाबा होते. अकरा वर्षांच्या पोराला खुणेची गरज असते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना बसथांब्यावरच्या पाणपोईत चार तास उभं राहणं त्याला एकट्याला जमत नाही. खिशावर बिल्ला आहे आणि लोक बघताहेत म्हणून तो पहिल्या दिवशी उभा राहतो. तिसऱ्या दिवशी म्हातारी पाणी पिऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, आणि मग त्याला बिल्ल्याची आठवण राहत नाही. आजोबांना हे मी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण पाणपोईवर आम्हाला माठ त्यांनीच आणून दिला होता.

दुसरा आक्षेप आजचा आहे: बिल्ले आता नोकरीसाठी असतात. रेल्वेत स्काउट-गाइडसाठी राखीव भरती आहे, आणि तिथं राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज असल्याशिवाय अर्ज करता येत नाही. अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्थानकं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहेत, त्यामुळे ही वाट आपल्याकडच्या मुलांना माहीत आहे. यावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्या जिल्ह्यांत कोरडवाहू कपाशीवर घर चालतं आणि एका पावसाच्या खंडानं वर्ष बुडतं, तिथं नोकरी ही क्षुद्र गोष्ट नाही. रेल्वेत लागलेल्या एका बाईंनी राष्ट्रपतींच्या सहीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलं आहे. त्याबद्दल त्या कृतज्ञतेनं बोलतात, आणि बोलावंच. पण कपाटातून त्यांनी काढलं ते बुलबुलमध्ये असतानाचं एक लहान चिन्ह. ते शिवणारी मावशी कोरोनात गेली.

मोठ्यांच्या वुड बॅजविषयी एक गोष्ट इथंच सांगतो. हे प्रशिक्षण पुरं केलेल्या शिक्षकाच्या गळ्यात चामडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी असतात. ते मणी झुलूंचा राजा दिनुझुलू याच्या माळेच्या धर्तीवरचे आहेत. बेडन पॉवेल यांना ती माळ दक्षिण आफ्रिकेतल्या लष्करी मोहिमेच्या काळात मिळाली आणि १९१९ साली पहिल्या प्रशिक्षणवर्गानंतर त्यांनी तिचे मणी वाटले. ब्रिटिशांनी हरवलेल्या एका राजाची खूण आज वऱ्हाडातल्या गुरुजींच्या गळ्यात आहे. गुरुजींनी ती अभिमानानं घालावी, पण ती कोणाची होती हे मुलांना सांगूनच घालावी असं मला वाटतं.

या गुरुजींवरच सगळं उभं आहे. स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन हे काम शिक्षक आपल्या शिकवण्याच्या वर करतात. शनिवारी दुपारी, रविवारी, स्वतःच्या खिशातून दोऱ्या घेऊन. अशा एका माणसाची बदली झाली की पथक संपतं. माझ्या बाबतीत तेच झालं. तृतीय सोपान मिळाला, राज्य पुरस्काराची तयारी सुरू झाली, आणि गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी कपाट उघडलं नाही. दोऱ्या, शिट्ट्या, झेंडा, सगळं त्या कपाटात राहिलं. माझा तिसरा बिल्ला उसवायची वेळ आली नाही, तो शर्टाबरोबरच गेला. म्हणून डब्यात दोनच आहेत. पुस्तकासाठी भेटलेल्यांपैकी पुष्कळांची गोष्ट अशीच मध्ये तुटलेली आहे. प्रकरणांची लांबी सारखी का नाही, हे विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच.

२०२४-२५ मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांच्या दोन मोफत गणवेशांपैकी एक स्काउट-गाइडचा ठरला. त्या वर्षी मी अनेक गावांत ती मुलं पाहिली. नवा कोरा शर्ट आणि दोन्ही बाह्या रिकाम्या. कितीतरी शाळांत पथकच नव्हतं. गणवेश देता येतो, बिल्ला कोणाला देता येत नाही, तो मुलानं आणायचा असतो, आणि तो आणता यावा म्हणून एक शिक्षक लागतो. जिल्हा परिषदांनी आणि शिक्षणसंस्थांनी या शिक्षकांना वेळ द्यावा, शिबिराचा खर्च द्यावा, आणि बदली झाली तर कपाटाची किल्ली पुढच्याच्या हातात पोचेल एवढं पाहावं. मागणी एवढीच आहे.

वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या घरी असा बिल्ला असेल तर तो धुऊ नका, टाक्यांचे धागे काढू नका. एका चिठ्ठीवर लिहा: परीक्षेत काय केलं, ती कोणी घेतली, आणि हा शिवला कोणी. साल आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मी गेल्या दिवाळीत आईला विचारलं. ती म्हणाली, “तू सातवीत होता, अन् आपली लाल गाय इकली ते साल.” मी चिठ्ठीवर तसंच लिहिलं आहे.